रेणू-चुंबक आणि चुंबकीय नॅनोकण: मुंबईतून संशोधनाला सुरुवात करणाऱ्यांसाठी

हा लेख बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला किंवा एमएस्सीला असलेल्या, चुंबकीय पदार्थांच्या रसायनात पुढे जायचं ठरवलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. विषयाच्या दोन शाखा इथे घेतल्या आहेत, कारण प्रयोगशाळांमध्ये त्या बहुधा शेजारी-शेजारीच चालतात.

पहिली शाखा रेणू-चुंबकांची. शेजारच्या रेणूंच्या आधाराशिवाय जो रेणू एकट्याने आपली चुंबकीय दिशा धरून ठेवतो, तो रेणू-चुंबक. मॅंगनीज-१२ ॲसिटेट हे त्यातलं पहिलं उदाहरण. लिस यांनी ते १९८० मध्ये बनवलं, पण ते चुंबकासारखं वागतं हे १९९३ मध्ये सेसोली, गातेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. २ केल्विनला त्याची दिशा पुसली जायला काही महिने लागतात. २०१८ मध्ये डिस्प्रोशियमच्या एका सँडविच-रेणूने (दोन वलयांच्या मध्ये धातूचा आयन) ८० केल्विनला हिस्टेरेसिस, म्हणजे क्षेत्र काढल्यावरही चुंबकत्व मागे राहणं, दाखवला, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनच्या वर. दुसरी शाखा नॅनोकणांची. मॅग्नेटाइटचा कण साधारण २० नॅनोमीटरच्या खाली गेला की खोलीच्या तापमानाला तो सुपरपॅरामॅग्नेटिक होतो. चुंबक जवळ आणला की ओढला जातो, दूर नेला की चुंबकत्व उरत नाही. औषध पोहोचवणं, एमआरआय, पाण्यातून धातू काढणं या सगळ्या उपयोगांच्या मुळाशी हाच गुण आहे.

या क्षेत्रात महागडं यंत्र सहसा चूक करत नाही. चूक असते यंत्रात ठेवायच्या कॅप्सूलमध्ये भरलेल्या नमुन्यात. त्यात नेमका कोणता पदार्थ आहे, किती आहे, त्याच्यासोबत पाणी-द्रावक किती आहे, हे ज्याला ठामपणे सांगता येतं त्याच्या आकड्यांवर लोक विश्वास ठेवतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच कौशल्याच्या आहेत.

पायरी १: कॉलेजातला गॉय तराजू

चुंबकीय क्षेत्रात पदार्थाचं वजन किती बदलतं ते मोजणारा हा तराजू बऱ्याच कॉलेजांत कपाटात धूळ खात असतो. तो बाहेर काढायला सांगा. आपल्याकडे या मोजमापाची परंपरा जुनी आहे. भटनागर आणि माथुर यांनी १९२८ मध्येच चुंबकीय मोजमापासाठी स्वतःचा तराजू बनवला होता.

मर्क्युरी कोबाल्ट थायोसायनेट हे प्रमाण (स्टँडर्ड) म्हणून वापरा. २० अंश सेल्सिअसला त्याची ग्रॅम ससेप्टिबिलिटी (एका ग्रॅमची चुंबकीय ग्रहणशीलता) १६.४४ × १०⁻⁶ सीजीएस असते. ते पाऱ्याचं संयुग आहे, म्हणून हातमोजे घाला आणि सांडलेली पूड वेगळ्या डब्यात जमा करा. गॉय पद्धतीतली सगळ्यात मोठी चूक नळी भरताना होते. पूड खलात बारीक करा, थोडी-थोडी भरा, प्रत्येक वेळी नळी लाकडी पाटावर सारख्या उंचीवरून आपटा आणि रिकामी करून पुन्हा भरा. दोन-तीन भरणांत उत्तर दोन टक्क्यांत आलं तरच ते लिहा. अमोनियम फेरस सल्फेट, कॉपर सल्फेट, मॅंगनीज सल्फेट यांवर हात बसवा. कॉपर सल्फेटचं उत्तर फक्त-स्पिन सूत्रापेक्षा थोडं जास्त का येतं, याचं कारण स्वतः शोधा. ऑर्बिटल वाट्याची ओळख तिथेच होते.

पायरी २: मॅग्नेटाइटचे नॅनोकण

हा प्रयोग स्वस्त आहे आणि बिघडण्याच्या त्याच्या जागा ठरलेल्या आहेत, म्हणून शिकायला चांगला. प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायन-दुकानांत लागणारं सगळं मिळतं. फेरस क्लोराइडची बाटली मात्र उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नका. रंग फिकट हिरवा हवा. पिवळट-तपकिरी असेल तर फेरसचा फेरिक होऊन गेला आहे आणि तुमचं प्रमाण पहिल्या मिनिटालाच चुकणार.

२०० मिलि डिस्टिल्ड पाणी पंधरा मिनिटं उकळा आणि नायट्रोजन सोडत थंड करा. त्यातल्या १०० मिलिमध्ये १ मिलि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालून फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट ५.४१ ग्रॅम आणि फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट १.९९ ग्रॅम विरघळवा. म्हणजे २० आणि १० मिलिमोल, दोनास एक. पावसाळ्यात फेरिक क्लोराइड वजनकाट्यावरच ओलं होऊ लागतं, त्यामुळे बरोबर ५.४१ च्या मागे लागू नका. झाकणाच्या बाटलीत पटकन घ्या, जे वजन आलं ते लिहा आणि फेरसचं वजन त्यावरून काढा.

द्रावण ७० अंशांवर आणा आणि जोरात ढवळत २५ टक्के अमोनिया २० मिलि एकदम ओता. हे फ्यूम हूडमध्येच. ढवळायला वरून फिरणारा मोटर-स्टरर घ्या. मॅग्नेटिक स्टरर वापरलात तर तयार झालेला माल त्याच्या कांडीलाच चिकटून बसेल. अवक्षेप लगेच काळा कुळकुळीत व्हायला हवा. तपकिरी आला तर फेरस कमी पडलं किंवा हवा आत गेली. अर्धा तास तापमान राखा, मग भांड्याखाली मोठा निओडिमियम चुंबक धरून वरचं पाणी ओता. चार वेळा पाण्याने, दोनदा इथेनॉलने धुवा.

धुता-धुता पीएच सातच्या जवळ आला की कण गोळा होऊ लागतात, कारण मॅग्नेटाइटच्या पृष्ठभागावरचा विद्युतभार तिथे जवळजवळ शून्य होतो. गोळा झालेले कण पुन्हा सहजासहजी सुटे होत नाहीत. सुटे कण हवे असतील तर धुण्याआधीच, मिश्रण अल्कधर्मी असताना, १ मिलि ओलेइक आम्ल घालून ८० अंशांवर आणखी अर्धा तास ठेवा. पाण्यातच राहायला हवे असतील तर सायट्रेट वापरा.

वाळवायला व्हॅक्यूम, ४०-५० अंश. उघड्या ओव्हनमध्ये शंभराच्या वर ठेवलेली पूड तपकिरी होते, म्हणजे मॅग्नेटाइटचं मॅगहेमाइट झालं. इथे बरेच जण फसतात. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) या दोघांच्या रेषा जवळजवळ एकाच जागी असतात, त्यामुळे ‘एक्सआरडीवरून मॅग्नेटाइट सिद्ध झालं’ हे वाक्य परीक्षक हमखास पकडतो. लोहाची अवस्था ओळखणारी मॉसबॉअर पद्धत उपलब्ध नसेल तर कॉलेजातलंच साधन वापरा. नमुना नायट्रोजनखाली हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा आणि पोटॅशियम डायक्रोमेटने फेरसचं टायट्रेशन करा. एकूण लोहाचा एक-तृतीयांश भाग फेरस आला तर मॅग्नेटाइट. त्याहून कमी आला तर किती ऑक्सिडेशन झालं, तेही त्यातूनच कळतं.

एक्सआरडीवरून आकार असा काढा. तांब्याच्या नळीवर मुख्य रेषा ३५.५ अंशांजवळ येते. तिची अर्ध्या उंचीवरची रुंदी, यंत्राची स्वतःची रुंदी वजा करून, ०.८ अंश असेल तर शेररच्या सूत्राने आकार १०.४ नॅनोमीटर निघतो. रुंदी रेडियनमध्ये घ्यायची आणि कोसाइन अर्ध्या कोनाचा, म्हणजे १७.७५ अंशांचा. लोहाच्या नमुन्यावर तांब्याचे किरण फ्लुओरेसन्स देतात, म्हणून पार्श्वभूमी उंच दिसते. मोनोक्रोमेटर आहे का विचारा, नसेल तर स्कॅन हळू चालवा.

व्हीएसएमवर (नमुना कंपवून चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रावर) अखंड मॅग्नेटाइटचं संतृप्त चुंबकत्व सुमारे ९२ ईएमयू (चुंबकत्वाचं एकक) प्रति ग्रॅम असतं, नॅनोकणांचं बहुधा ५० ते ७०. ओलेइक आम्लाचं आवरण असेल तर टीजीए (तापवताना वजन किती घटतं ते मोजणं) काढल्याशिवाय आकडा देऊ नका. यंत्राने ५५ दाखवलं आणि टीजीएत १५ टक्के सेंद्रिय भाग निघाला, तर खऱ्या मॅग्नेटाइटचा आकडा ५५ भागिले ०.८५, म्हणजे जवळपास ६५.

पायरी ३: मॅंगनीज-१२ ॲसिटेट

रेणू-चुंबकांत पहिला हात यावरच बसवावा. हवा चालते, पाणी चालते, ग्लोव्हबॉक्स (हवाबंद काम-पेटी) लागत नाही. ६० टक्के ॲसेटिक आम्लाच्या ४० मिलिमध्ये मॅंगनीज ॲसिटेट टेट्राहायड्रेट ४.० ग्रॅम विरघळवा. पोटॅशियम परमँगनेट १.० ग्रॅम बारीक करून, ढवळत, चिमटी-चिमटीने दोन-तीन मिनिटांत घाला. द्रावण गडद तपकिरी-काळं होईल. ढवळणं थांबवा, तोंडावर सैल झाकण ठेवा आणि तीन दिवस हात लावू नका. टेबलावर पंप किंवा सेंट्रिफ्यूज असेल तर भांडं दुसरीकडे ठेवा. थरथरीमुळे बारीक पूड पडते, कांड्यांसारखे काळे चकचकीत स्फटिक येत नाहीत. गाळून थोड्या ॲसिटोनने धुवा आणि हवेत वाळवा. घनरूप परमँगनेट आणि ॲसिटोन एका हूडमध्ये एकाच वेळी उघडे ठेवू नका, त्यातून आग लागू शकते.

मॅंगनीजच्या हिशोबाने जास्तीत जास्त ३.८ ग्रॅम मिळू शकतं. प्रत्यक्षात बराच भाग द्रावणातच राहतो. उत्पन्न वाढवायला द्रावण आटवू नका, त्यात तपकिरी मॅंगनीज डायऑक्साइड मिसळतो.

आता कॅप्सूलमध्ये काय आहे, त्याचा हिशोब. स्फटिकात प्रत्येक रेणूमागे ॲसेटिक आम्लाचे दोन आणि पाण्याचे चार रेणू सुटे अडकलेले असतात. ते धरून रेणुभार २०६०, सोडून १८६८. व्हॅक्यूममध्ये तासभर ठेवलेल्या नमुन्याला २०६० हा रेणुभार लावलात, तर नऊ टक्क्यांपर्यंत चूक होऊ शकते, आणि ती आलेखात कुठेच दिसत नाही. म्हणून मूलद्रव्य-विश्लेषण आणि टीजीए त्याच नमुन्यावर, त्याच दिवशी करा, ज्याचं चुंबकत्व मोजणार आहात.

स्फटिक वाढवताना मुंबईची हवा आडवी येते. डायइथाइल इथर ३४.६ अंशांना उकळतो. एप्रिल-मे महिन्यांत एसी नसलेल्या खोलीत इथरच्या वाफेने स्फटिक वाढवायला ठेवले तर रात्रीतून सगळा इथर आत जाऊन नुसता गाळ बसतो. पेंटेनचंही तेच, तो ३६ अंशांना उकळतो. कुप्या एसीच्या खोलीत ठेवा किंवा स्पार्कप्रूफ फ्रिजमध्ये. घरगुती फ्रिजमध्ये इथर कधीही ठेवू नका. जून ते सप्टेंबर आयआरसाठी केलेल्या पोटॅशियम ब्रोमाइडच्या गोळ्या धुरकट होतात आणि ३४०० च्या आसपासचा पाण्याचा पट्टा नमुन्याचा आहे की हवेचा ते कळत नाही. ब्रोमाइड ११० अंशांवर ठेवा, किंवा सरळ एटीआर (गोळी न बनवता आयआर घेण्याची पद्धत) वापरा.

पायरी ४: स्क्विडवर नमुना

स्क्विड या अतिसंवेदनशील मॅग्नेटोमीटरवर २ ते ३०० केल्विनचं एक वाचन अर्धा ते एक दिवस घेतं आणि वेळ मिळणं अवघड असतं. म्हणून नमुना भरण्याला अर्धा दिवस द्या.

पहिला शत्रू लोखंडाचा कण. हिशोब करून बघा. रेणुभार ४०० असलेलं एका तांब्याचं संयुग २० मिलिग्रॅम घेतलं, तर १००० ओर्स्टेडच्या (चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षेत्रात खोलीच्या तापमानाला त्याचा सिग्नल साधारण ६ × १०⁻⁵ ईएमयू असतो. एक मायक्रोग्रॅम मॅग्नेटाइट संतृप्त झालं की ९ × १०⁻⁵ ईएमयू देतं. डोळ्याला न दिसणारा गंजाचा कण तुमच्या सगळ्या नमुन्यापेक्षा मोठा आवाज करतो. स्टीलचा स्पॅच्युला नको, प्लॅस्टिकचा घ्या. ज्या टेबलावर पायरी २ चे नॅनोकण हाताळले जातात, त्यावर रेणू-चुंबकाचं काम करू नका. खलबत्तासुद्धा वेगळा ठेवा. तपासणी सोपी आहे: ३०० केल्विनला १००० आणि १०,००० ओर्स्टेडला ससेप्टिबिलिटी मोजा. दोन्ही आकडे जुळले तर ठीक. कमी क्षेत्रातला आकडा मोठा आला तर नमुना फेका आणि नव्याने बनवा. गणिताने तो दोष वजा करता येतो, पण पहिल्या पेपरमध्ये तसं करू नका.

दुसरा शत्रू म्हणजे नमुन्याची हालचाल. डिस्प्रोशियम, टर्बियम किंवा मॅंगनीज-१२ सारखे स्फटिक कमी तापमानाला आणि मोठ्या क्षेत्रात कॅप्सूलमध्ये वळतात आणि क्षेत्राच्या दिशेत उभे राहतात. मग चुंबकत्व वाजवीपेक्षा जास्त दिसतं. पूड नीट दाबा किंवा वितळलेल्या आयकोसेनमध्ये गोठवा. ते ३७ अंशांना वितळतं. त्याचं वजन लिहून ठेवा, त्याचा प्रतिचुंबकीय वाटा वजा करावा लागतो. तिसरी गोष्ट ऑक्सिजनची. आलेखात ४०-५५ केल्विनच्या दरम्यान उंचवटा आला तर नवा शोध समजू नका. यंत्रात हवा शिरली आहे आणि गोठलेल्या ऑक्सिजनचा तो सिग्नल आहे. नमुना-कक्ष पुन्हा हेलियमने धुवा.

आलेख हातात आला की आधी खोलीच्या तापमानाचा काय-टी (मोलर ससेप्टिबिलिटी गुणिले तापमान) बघा. एकमेकांशी न बोलणाऱ्या आयनांचे आकडे पाठच हवेत: स्पिन १/२ ला ०.३७५, स्पिन ३/२ ला १.८७५, स्पिन २ ला ३.०, स्पिन ५/२ ला ४.३७५, गॅडोलिनियमला ७.८८, टर्बियमला ११.८२, डिस्प्रोशियमला १४.१७. मॅंगनीज-१२ मध्ये तीन-भाराचे आठ आणि चार-भाराचे चार आयन आहेत, म्हणून बेरीज ३१.५. प्रत्यक्षात खोलीच्या तापमानाला आकडा वीसच्या आसपास येतो, कारण आयन एकमेकांच्या विरुद्ध उभे राहू लागलेले असतात. खाली जाता-जाता तो वाढून ५५ च्या जवळ पोहोचतो. आठ आयनांचे सोळा वजा चार आयनांचे सहा, म्हणजे स्पिन १०, आणि स्पिन १० चा आकडा नेमका ५५. हा चढाव स्वतःच्या नमुन्यात उमटला की इतकी सगळी काळजी कशासाठी घेतली ते समजतं.

एसी मोजमापात, म्हणजे उलटसुलट बदलणाऱ्या क्षेत्रात, मॅंगनीज-१२ चा मुख्य उंचवटा वारंवारतेनुसार ४ ते ८ केल्विनमध्ये सरकतो. २-३ केल्विनला छोटा दुसरा उंचवटा दिसला तर घाबरू नका. एका मॅंगनीजचा लांबलेला अक्ष दुसरीकडे वळलेला समघटक थोड्या प्रमाणात असतोच. उंचवटा वारंवारतेबरोबर सरकत नसेल तर मात्र तो रेणू-चुंबकाचा नाही.

आकडे बसवायला फाय हा कार्यक्रम फुकट मिळतो. रेणूंची क्वांटम गणितं करणारा ऑर्का विद्यापीठांना मोफत आहे.

पायरी ५: मुंबईत हे कुठे होतं

कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग आणि नॅनो-विज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र आहे. माटुंग्याला आयसीटी, जिथे नॅनोपदार्थांचा उद्योगाशी जोडलेला भाग शिकायला मिळतो. पवईला आयआयटीचं सैफ हे उपकरण-केंद्र बाहेरच्या विद्यार्थ्यांचेही नमुने पैसे घेऊन मोजतं. कुलाब्याला टीआयएफआर, कमी तापमानाच्या कामासाठी. ट्रॉम्बेला बीएआरसी, आणि तिथल्या ध्रुव अणुभट्टीवर न्यूट्रॉन-विवर्तन. चुंबकीय रचना थेट दाखवणारं हे तंत्र आपल्या शहरात आहे आणि यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमच्या मुंबई केंद्रातून विद्यापीठातल्या गटांना तिथे अर्ज करता येतो. देशभरातली उपकरणं आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतात.

नमुना पाठवताना अर्जावर सूत्र, रेणुभार, वजन, विषारीपणा आणि हवेत टिकतो का, हे सगळं लिहा. नमुना लोकलने नेणार असाल तर कोरडा, छोट्या सीलबंद कुपीत, नावासकट न्या. इथर, हेक्सेनसारखं ज्वलनशील द्रावक गाडीत नेणं बेकायदा आहे आणि गर्दीत अतिशय धोक्याचं.

पायरी ६: परीक्षा, फेलोशिप, गाइड

बीएस्सीनंतर आयआयटीत एमएस्सी करायची तर जॅम ही प्रवेश परीक्षा. पीएचडीसाठी सीएसआयआर-नेट, केमिकल सायन्सेसमधून, आणि सोबत गेट. विद्यापीठाच्या आणि टीआयएफआरच्या प्रवेशाचे नियम त्या-त्या वर्षी त्यांच्या संकेतस्थळावर वाचा. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफचे ४२,००० रुपये. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. शिवाय घरभाडे भत्ता, पण वसतिगृह मिळालं तर तो नाही. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या सरकारी संस्थांच्याही पीएचडी फेलोशिप आहेत. पात्र असाल तर नोंदणी झाल्याझाल्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. सुट्टीतल्या कामासाठी तिन्ही विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप आणि टीआयएफआरचा व्हीएसआरपी हा उन्हाळी संशोधन कार्यक्रम. एमएस्सीच्या पहिल्या वर्षातच अर्ज करा.

गाइड ठरवण्याआधी प्रयोगशाळेत जाऊन तिथल्या ताई-दादांना एकांतात विचारा. स्क्विडचा वेळ मिळायला किती थांबावं लागतं? एकल-स्फटिक एक्सआरडी घरची आहे की बाहेर पाठवता? ग्लोव्हबॉक्स चालू आहे का, त्याचं कॅटॅलिस्ट शेवटचं कधी रीजनरेट केलं? मागच्या तीन विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली? सरांच्या नावापेक्षा या चार उत्तरांवरून तुमची पाच वर्षं कशी जातील ते जास्त कळतं. डिस्प्रोशियमचे सँडविच-रेणू करायचे ठरवले असेल आणि ग्लोव्हबॉक्स बंद असेल, तर तो विषय तिथे घेऊ नका.

पायरी ७: पुढची नोकरी

‘रेणू-चुंबक तज्ज्ञ हवा’ अशी जाहिरात कंपन्या देत नाहीत. पीएचडीनंतर दोन वाटा आहेत. एक पोस्टडॉकची: फ्लॉरेन्स, मँचेस्टर, कार्ल्सरूह इथे या विषयाचे मोठे गट आहेत, हम्बोल्ट आणि मारी क्युरी फेलोशिपमधून जाता येतं. मग परत येऊन आयसर, आयआयटी, विद्यापीठ किंवा अनुदानित कॉलेज. दुसरी वाट उद्योगाची. तळोजा, अंबरनाथ, तारापूर, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांना आणि त्यांच्या संशोधन विभागांना रंगद्रव्यं, उत्प्रेरकं, बॅटरी-पदार्थ, फेराइट यांवर काम करणारी माणसं लागतात. बायोडेटात पहिल्या पानावर रेणूंची नावं देऊ नका, कौशल्यं द्या: हवाबंद संश्लेषण, एकल-स्फटिक रचना सोडवणं, रीटवेल्ड (पुडीच्या एक्सआरडीचं विश्लेषण), टीजीए, आयसीपी (मूलद्रव्यांचं प्रमाण मोजणं), ५ ग्रॅमची कृती ५०० ग्रॅमवर नेताना काय बदललं. शेवटचं कौशल्य हवं असेल तर पीएचडी चालू असतानाच पायरी २ मधली कृती दहापट करून बघा. अमोनिया एकदम ओतायला तेव्हा किती वेळ लागतो, ढवळणं कमी पडून कणांचे आकार कसे पसरतात आणि चुंबकाने धुण्याऐवजी काय करावं लागतं, याची वही मुलाखतीला सोबत न्या. मुलाखत घेणारा प्लांट-इंजिनीअर त्याच पानांवर प्रश्न विचारतो.